द्वारकाचा खुबा

शनिवारी दुपारी मी तिच्या पायाची नखं कापली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. ती खुर्चीवर, मी खाली पाटावर, तिचा पाय माझ्या मांडीवर. ब्लेडनं कापायचो. उजव्या अंगठ्याचं नख तिचं शिंपल्यासारखं जाड, ते आधी कोमट पाण्यात भिजवावं लागायचं.

"शनिवारी नखं कापत नाय कुणी," ती म्हणाली.

"मग घे पाय मागं."

"आता धरलाय तर कापा. पण मांस तेवढं सोडा. भाजी नाय करायची त्याची."

कापून झाल्यावर तिनं बोटं हलवून बघितली आणि म्हणाली, "झालं. आता स्थळं बघा मला."

रविवारी पहाटे ती झोपेतच गेली. शनिवारी नखं कापली म्हणून गेली, असं माझ्या धाकट्या भावाची बायको आल्यागेल्याला सांगत होती. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. मी दोन्ही ऐकून घेतलं. भांडायला अंगात जोर नव्हता, आणि भांडण करायचं तर ते द्वारकाच करायची, मी नाही.

मी चौथी शिकलेला हमाल माणूस. आधी लासलगावला कांद्याची पोती वाहिली, मग नाशिकच्या बाजारात. तिचं जन्मापासूनचं सगळं काही मी सांगत बसणार नाही. सायखेड्याची होती, माहेरी भाजीपाला पिकायचा, लग्न करून येताना जुड्या बांधायची कला घेऊन आली. एवढं पुरे. नाव द्वारका. नाशिकमध्ये द्वारका नावाचा मोठा चौक आहे, तिकडं जाणारे रिक्षावाले "द्वारका, द्वारका" करून ओरडतात. ही शेजारून चालली असली की थांबायची आणि म्हणायची, "हाय की इथंच. बोल, काय काम काढलंस?" नवीन रिक्षावाला गडबडायचा. जुने मुद्दाम ओरडायचे.

ती पालेभाजी विकायची, गंगेवर. गोदावरीला आम्ही नाशिकची माणसं गंगाच म्हणतो. घाटाच्या अंगाला भाजीवाल्या बायांची रांग बसायची, त्यात तिची जागा लग्नानंतर दोनतीन वर्षांत ठरली ती ठरलीच. खाली गोणपाट, पुढं मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, बाजूला पाणी शिंपडायचा डबा, आणि मध्ये ही मांडी घालून. गिऱ्हाईक विचार करत उभं राहिलं की म्हणायची, "बोला पटकन, भाजी म्हातारी होऊ राहिली." कढीपत्ता फुकट मागणाऱ्याला ती कधी द्यायची नाही. जो मागायचा नाही त्याच्या पिशवीत मूठभर टाकायची. एका मास्तरांच्या ते लक्षात आलं, म्हणून ते मुद्दाम गप्प उभे राहायला लागले. तर म्हणाली, "मास्तर, तुम्ही मनात मागू राहिले. आज नाय."

अशी बाई. आणि तिचा गुडघा दुखायला लागला.

बहात्तरच्या दुष्काळाची कामं संपून एकदोन वर्षं झाली असतील. चाळिशीची असेल ती. आधी नुसतं चढताना, मग बसून उठताना. उजवा गुडघा धरून उठायची. पुढं पाय थोडा बाहेर टाकून चालायला लागली, डोक्यावर टोपली घेतली की बोटीसारखी हलायची. आम्ही तेल लावलं, वाळूच्या पुरचुंडीनं शेकलं. पंचवटीतल्या एका म्हाताऱ्यानं बिब्बा घातला, त्याचे डाग शेवटपर्यंत होते. दवाखानेही केले. प्रत्येक ठिकाणी ही बाकावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायची आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायची. त्याच्या वर एक बोट नाही. डॉक्टर पुरुष, बाहेर माणसं बसलेली. मीही कधी म्हटलं नाही की वर घे. आमच्यात कुणी म्हणत नाही. डॉक्टरही भले, जेवढं दाखवलं तेवढं बघायचे. गुडघा दाबायचे, वाकवायचे, एक्स-रेचा फोटो काढायचे आणि म्हणायचे, गुडघा तर चांगला आहे.

गुडघा चांगला, मग बाई लंगडते का? माझ्या भावाच्या बायकोनं उत्तर काढलं होतं: नाटक करते. द्वारकानं ते ऐकलं आणि तिच्या तोंडावर म्हणाली, "नाटकच करायचं तर मी राणीचं करीन, लंगडीचं कशाला?"

पण बाजारात सकाळी एकदा खाली बसली की दुपारी बाजार उठेपर्यंत बसूनच. कारण उठणं म्हणजे कुणाचा तरी हात लागायचा. शेजारची शांता भाजीवाली हात द्यायला यायची तर तिला दटावायची, "सर, मला हात लावू नको." मग आधी एका अंगावर कलायची, टोपलीवर भार द्यायची, दात खाऊन अर्धी उठायची, तिथंच थांबायची, मग बाकीची. हे दिवसातून एकदाच जमायचं. म्हणून सकाळपासून पाणी प्यायची नाही, लघवीला जावं लागू नये म्हणून. उन्हाळ्यात ओठ फुटायचे. जवळ पाण्याचा भरलेला डबा, त्यातलं पाणी कोथिंबिरीला.

गंगापूर रोडला एक डॉक्टरीण बाई हाडांच्या होत्या. आमच्या मार्केटातल्या एका व्यापाऱ्याची आई त्यांच्याकडं बरी झाली, म्हणून मी हिला घेऊन गेलो. ही सवयीनं बाकावर बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन धरलं. डॉक्टरीण बाईंनी गुडघ्याकडं बघितलंच नाही.

"मावशी, पायाची नखं कोण कापतं तुमची?"

हिनं माझ्याकडं बोट केलं. "हे कापतात."

"तुम्ही का नाही कापत?"

"हात पोचत नाय."

"गुडघा दुखला म्हणून हात पोचायचा थांबतो का?"

बाईंनी मला बाहेर घालवलं, पडदा ओढला. मग आतून जी किंकाळी आली ती ऐकून बाहेरची माणसं उभी राहिली. नंतर कळलं, बाईंनी पाय नुसता दुमडून थोडा फिरवला होता.

"कुठं दुखलं?" बाई आत विचारत होत्या.

"गुडघ्यात!"

"मी खुबा फिरवला, मावशी. मांडी जिथं कमरेला मिळते तो सांधा. तो बिघडलाय. तिथली कळ गुडघ्यात उतरते, बऱ्याच जणांचं होतं असं. तुमचा गुडघा बिचारा उगाच मार खातोय इतकी वर्षं."

फोटो काढला. बाईंनी तो उजेडात धरून आम्हाला दाखवला. चांगल्या बाजूला वाटीत लिंबासारखा गोल गोळा बसलेला. दुखऱ्या बाजूला गोळा चेपलेला, आणि मधली फट गायब. मधली गादी झिजली, हाडावर हाड घासतंय, असं बाई म्हणाल्या.

"जात्यासारखं," द्वारका म्हणाली.

"अगदी तसंच."

बाहेर आल्यावर ती माझ्यावर भडकली. "म्हंजे एवढी वर्षं मी लुगडं धरून बसले, अन् दुखणं लुगड्याच्या आत!" आणि मग रस्त्यातच हसायला लागली. हसता हसता खांबाला धरून उभी राहिली, कारण हसलं तरी खुब्यात कळ जायची.

औषध काय, तर आधी साधंच. काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूला नाही. आम्हाला हे उलटं वाटलं, पण खरंच भार हलका व्हायचा. दुखेल तेव्हा गोळी, व्यायाम, डोक्यावर टोपली बंद. आणि एवढ्यानं भागलं नाही तर सांधा बदलायचा. तेव्हा ते ऑपरेशन नवलाचंच होतं. मुंबईचे एक मोठे सर्जन महिन्यातून एकदा नाशिकला यायचे, ते करणार. बाईंनी टेबलाच्या खणातून नमुना काढून दाखवला. स्टीलची वाकडी खुंटी, तिच्या डोक्यावर गोळा. ती मांडीच्या हाडात ठोकायची, वरती प्लॅस्टिकची वाटी बसवायची, आणि दोन्ही सिमेंटनं पक्कं करायचं.

"सिमेंट?" द्वारका म्हणाली. "मंग रोज पाणी मारायला लागंल का?"

बाई खूप हसल्या. मग खुर्ची पुढं ओढून नीट बोलल्या. त्या म्हणाल्या, "मावशी, करा असं मी म्हणणार नाही. हा सांधाही झिजतो. फार लवकर केला तर उतारवयात पुन्हा उघडायची वेळ येईल. फार थांबलात तर पाय वाळेल, पाठ धरेल, मग करूनही म्हणावा तसा उपयोग नाही. गोळी घेऊन झोप लागतेय, आपलं आपण होतंय, तोवर थांबा. ज्या दिवशी वाटेल की मी कुठं जायचं, काय प्यायचं, हे सगळं हे दुखणंच ठरवायला लागलं, त्या दिवशी या."

"मंग केल्यावर?"

"दुखणं जाईल. चालाल. स्वतःचं स्वतः उठाल. पण खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, जमिनीवरून काही उचलायचं नाही. संडासालासुद्धा खुर्ची. नाहीतर गोळा वाटीतून निसटेल."

"कधीपर्यंत?"

"कायमचं."

द्वारकानं ती खुंटी उचलून बघितली. "म्हंजे उठता येईल, पण बसायचं नाय. मंग उठू कशावरून?"

आमच्या घरात तेव्हा एक पाट होता आणि जमीन होती. चूल खाली, जेवण खाली, झोपणं खाली, तिचा धंदा खाली. मी म्हटलं, खुर्ची करू. ती म्हणाली, "बघू." त्या 'बघू'वर वर्ष गेलं. काठी झाली, गोळ्या झाल्या, गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली.

मग वळूचा प्रकार झाला. गंगेवर सोडलेले वळू फिरायचे, भाजीत तोंड घालायचे. एक दिवस त्यातला काळा, मोठा, कशानं तरी बिथरून रांगेत शिरला. टोपल्या उडाल्या, बाया पळाल्या. द्वारका जागेवर. वळू तिच्यापुढं येऊन थांबला, एवढ्या जवळ की त्याची लाळ मेथीवर गळत होती. हिनं शेपूची जुडी उचलली आणि त्याच्या नाकावर हाणली. "मेल्या, आधी भोवनी तर होऊ दे! चल हो तिकडं! डोळे काय वटारू राहिला, तुझ्या बापाचा बाजार हाय का?" जुडी सुटून काड्या काड्या झाल्या तरी हाणत होती. वळूनं एक कोबी उचलला आणि निघून गेला. बाया लांबून बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हिनं पाण्याचा डबा उचलला आणि सगळा स्वतःच्या अंगावर ओतून घेतला. "लय तापले मी," म्हणाली. त्या दिवसापासून बाजारात तिचं नाव वाघीण पडलं. मला मार्केटात येऊन चारचौघांनी सांगितलं, काय बायको आहे तुझी.

घरी आली तेव्हा तिला मी तेच म्हटलं, वाघीण आली. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"मला उठता येत नव्हतं," ती म्हणाली. "समद्या पळाल्या. मी पण पळाले असते. उठताच येईना. लुगडं ओलं झालं माझं, बसल्या जागी. म्हणून पाणी ओतलं."

मी चहा ठेवला. तिनं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "त्या बाईंना विचारा, कधी कापतात."

सांधा एका ट्रस्टनं दिला, बाकी आम्ही भागवलं. ऑपरेशन ठीक झालं. काही दिवसांनी तिला पलंगाच्या कडेला बसवली, पुढं वॉकर ठेवला. नर्स एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मुलगी सुमन पायाशी. द्वारका म्हणाली, "समदे मागं सरा." नर्स सरेना. "ताई, तुमच्या पाया पडते, पण आता पडता पण येत नाय मला, सरा मागं." नर्स हसून सरली. द्वारकानं वॉकर धरला आणि उठली. गुडघा धरला नाही, दात खाल्ले नाहीत, अर्ध्यात थांबली नाही. आमच्या डोळ्यांना पाणी आलं, तर म्हणाली, "रडता काय? भूक लागली मला."

त्यानंतर काठी टेकत, मग काठीशिवाय, ती परत बाजारात गेली. मी सुताराकडून उंच स्टूल करून घेतलं होतं. त्यावर बसून, पुढं खोके एकावर एक रचून तिनं भाजी मांडली. स्टुलाचं नाव तिनं कलेक्टर ठेवलं. "कलेक्टर कुठं गेला माझा?" म्हणून ओरडायची. शांता म्हणाली, "आता आम्ही खालून बोलायचं का साहेबांशी?"

"अर्ज घेऊन या," द्वारका म्हणाली.

सगळी रांग हसली. गिऱ्हाइकांना बरंच झालं, वाकायला नको. पाणी पोटभर प्यायची, चालत जाऊन यायची. दुखणं म्हणाल तर गेलंच. ते कबूल करायला पाहिजे.

पण दुपारी त्या बाया एका फडक्यावर भाकरी सोडून बसायच्या, हिचा ठेचा तिला, तिचं पिठलं हिला. हिला ताटली वर द्यावी लागायची. खालची कुजबुज खालीच राहायची, ही "काय, काय?" करत राहायची, आणि कुजबुज दुसऱ्यांदा मोठ्यानं कोण सांगतं? काही दिवसांनी ती दुपारी घरी येऊन जेवायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "वर बसून खाल्लं की नैवेद्य दाखवल्यासारखं वाटतं. समदे आपल्याकडं बघतात न आपण एकटंच." लग्नाच्या पंगतीत तिला नवरदेवाच्या शेजारी खुर्ची मिळायची. नवरदेव लाजायचा, ही नाही. पण लग्नांना जायची कमी झाली.

सायखेड्याला तिची आई वारली तेव्हा आम्ही गेलो. म्हातारीला जमिनीवर ठेवलेलं, भोवती बाया बसलेल्या. हिच्यासाठी शेजाऱ्यांकडून खुर्ची आणली आणि भिंतीशी ठेवली. द्वारका त्या खुर्चीवरून आईकडं बघत होती. एकदा तिनं हात पुढं केला. तो पोचला नाही. ती वाकायला लागली तर चार जणींनी धरली, "निसटंल गं, निसटंल." सुमननं आजीचा हात उचलून वर धरला, तो तिनं धरला थोडा वेळ.

परत येताना एस्टीत मला म्हणाली, "एकदा बसले असते तर?"

"निसटला असता."

"हा," ती म्हणाली. "निसटला असता."

तिचं नाव झालं होतं. गुडघेदुखीच्या बाया लांबून विचारायला यायच्या. ही भाजी जुळवत एकच विचारायची, "नखं कोण कापतं तुझी?" बाई म्हणाली मीच, तर, "मंग जा घरी. गोळी घे, वजन उतरव, उगा माझं डोकं खाऊ नको." हात पोचत नाही म्हणाली, तर जवळ बोलवायची. "डॉक्टरपुढं लाजू नको. लुगडं वर कर, कमरेपर्यंत बघू दे त्यांना. मी गुडघा दाखवत बसले न वर्षं घालवली." बाई विचारायची, करू का मग ऑपरेशन? तर सांगायची, "कर. पण आधी खाली पोटभर बसून घे."

हे शेवटचं ती हसत म्हणायची, आणि बायाही हसायच्या. मी जवळ असलो तर हसायचो नाही.

रविवारी दुपारी तिला अमरधामला नेली. राख सावडायची ती तिसऱ्या दिवशी, पण जावयाला कामावर परतायचं होतं म्हणून सोमवारी सकाळीच गेलो. मी, माझा भाऊ आणि जावई. तिथला माणूस पाणी मारून राख चाळत होता, तर काहीतरी खणकन वाजलं. त्यानं चिमट्यानं उचललं. काळी पडलेली वाकडी खुंटी, वर गोळा. सिमेंट गेलं, वाटी गेली. ते तेवढं राहिलं.

"हे काय?" जावई म्हणाला.

"खुबा," मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, अस्थींबरोबर गंगेत सोडून देऊ. तिथला माणूस म्हणाला, "नका सोडू, काका. नाणी शोधणारे बसलेले असतात, काढतील न भंगारात घालतील." भावाला ते पटेना. त्याचं म्हणणं, जे अंगात होतं ते अंगाबरोबर गेलं पाहिजे. दोघं बोलत होते तोवर मी ते पंच्यात घेतलं. अजून कोमट होतं. मी जन्मभर पोती उचलली, त्या हाताला ते काहीच नव्हतं.

घाटावर अस्थी सोडल्या. ते दोघं अंघोळ करत होते. मी पाण्यात उभा राहून तो गोळा अंगठ्यानं घासला. त्याला तिचीच राख लागलेली होती. घासला तसा उजळला.

मग ओल्या धोतरानं बाजारात गेलो. रांग बसली होती. तिची जागा रिकामी होती, शांतानं तिथं कुणाला गोणपाट टाकू दिलं नव्हतं. "भाऊ, तुम्ही कशाला आले आज?" शांता म्हणाली. मी तिच्याकडून एक रिकामं पोतं मागितलं, झटकलं आणि जागेवर अंथरलं. पंचा सोडला आणि तो खुबा खाली, पोत्यावर ठेवला.

शांतानं बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं आपली टोपली जरा सरकवली.

"बस," मी म्हटलं, आणि शेजारी मांडी घातली.